खंडेनवमीचे एकशेवीस वडे

सहदेव मेस्त्रीला दुसऱ्याचं काम पाहवत नसे. तरी तो दिवसभर तेच पाहत असे.

तरुणपणी तो स्वतः फार चांगला कामगार होता. सोळाव्या वर्षी कोकणातून आला, दोन वर्षं गिरणीत काढली आणि मग विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. कानस मारून लोखंडाचा ठोकळा असा सपाट करी की त्यावर ठेवलेला दुसरा ठोकळा सहज सुटून येत नसे. पुढे त्याला मशीन शॉपचा मेस्त्री केलं. साठ माणसं हाताखाली आली. त्या दिवसापासून त्याचे हात थांबले आणि जीभ चालू झाली.

खाकी शर्टाच्या डाव्या खिशात त्याचं एक घड्याळ असे. कुणी बोल्ट काढायला लागला की सहदेव मागे जाऊन उभा राही. काम झालं की म्हणे, "तीन मिनिटं. मी दोन लावली असती." बाकी काही बोलत नसे. पण हे वाक्य माणसाला दिवसातून चार वेळा ऐकावं लागलं की पुरे होतं. घरीही एकदा त्याने हा प्रयोग केला. बायको जानकी भाकरी थापत होती, हा मागे घड्याळ घेऊन उभा राहिला. तिने पिठाचा हात तसाच धरून त्याच्याकडे मान वळवली. त्यानंतर चुलीपाशी घड्याळ कधी गेलं नाही.

गोष्ट छप्पन सालची.

खंडेनवमीला मशीन शॉपमध्ये मोठी पूजा असे. सकाळी मशीनं पुसायची, तेल घालायचं, झेंडूचे हार घालायचे. हत्यारं धुऊन पाटावर मांडायची. दुपारी पूजा, मग सगळ्यांचं खाणं, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. एकदा पाटावर बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. या बाबतीत सहदेव फार कडक. एका वर्षी कुणीतरी रंगाचा डबा उघडायला पूजेतला स्क्रूड्रायव्हर उचलला, तर त्याला अर्धा तास उभं करून हत्याराच्या विश्रांतीवर व्याख्यान दिलं. स्वतःच्या सायकलीलाही तो हार घाली आणि त्या दिवशी पायी फिरे.

आदल्या वर्षी खाण्याचे वडे आणायचं काम लेथवाल्या धोंडूकडे होतं. त्याने आणले, पण चौदा कमी भरले. मोजले अर्थात सहदेवनेच. मग वर्षभर धोंडूच्या मागे उभा राहून तो विचारी, "नट सगळे लागले ना? का चौदा कमी?" धोंडू शांत माणूस. पण यंदा वड्यांचा विषय निघाला तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मेस्त्री, या वर्षी तुम्हीच आणा. कसे आणतात ते आम्हाला बघू दे."

साठ जण बघायला लागले. सहदेव म्हणाला, "आणतो. माणशी दोन. गरम. दोनच्या ठोक्याला. एक जरी वडा कमी आला तर वर्षभर कुणाच्या मागे उभा राहून तोंड उघडणार नाही."

शॉपमध्ये एवढी शांतता पसरली की त्याला वाटलं, सगळे दबले. खरं तर सगळे मनातल्या मनात नवस बोलत होते.

नवमीच्या चार दिवस आधी सहदेव सायकलीवरून गुणाजीच्या हॉटेलात गेला. हे हॉटेल आग्रा रोडवर, कारखान्यापासून सव्वा मैलावर. गुणाजी मालवणकडचा, जाडजूड, मंद चालणारा. वडा मात्र असा करी की दोन बसथांबे चालून लोक यायचे. सहदेवने सायकलीवरून न उतरता, एक पाय पायरीवर टेकून ऑर्डर सांगितली. नवमीला, एकशेवीस.

"नवमीक?" गुणाजी म्हणाला. "मेस्त्री, नवमीक तर आमच्यात..."

"दिवस मला सांगू नकोस, वस्तू सांग," सहदेव म्हणाला. "ताजे पाहिजेत. आदल्या दिवशीचे चालणार नाहीत. एक वाजता न्यायला येईन. लिहिलंस?"

गुणाजीने त्याच्याकडे पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि लिहिलं. तो आणखी काहीतरी म्हणाला, पण तोवर सायकल आग्रा रोडला लागली होती. सहदेवने वाटेत घड्याळ पाहिलं. ऑर्डर द्यायला पाऊण मिनिट. धोंडूने चहा पिऊन वीस लावली असती.

नवमीला सव्वाबारा वाजता तो पायी निघाला. खांद्यावर बांबू, बांबूच्या दोन टोकांना दोन मोठे डबे. डबे त्याने स्वतः पत्रा ठोकून बनवले होते. झाकण असं घट्ट की वाफ बाहेर जाणार नाही. पाऊणच्या सुमाराला तो हॉटेलात पोचला. दाराशी पाटी होती: आज तळण बंद.

पाटी त्याने वाचली नाही असं नाही. वाचली. पाटी ही सुटं गिऱ्हाईक परतवण्यासाठी असते, ऑर्डरवाल्याला ती लागू होत नाही, असं त्याला वाटलं. डबे त्याने त्या पाटीलाच टेकवून ठेवले.

गल्ल्यावर माणिक बसला होता. हा गुणाजीचा मेहुणा, हे त्याच्या बसण्यावरून कळे. सहदेवने ऑर्डरीचं सांगितलं. माणिकने मान वर न करता "बसा" म्हटलं.

सहदेव बसला. एका माणसाने टेबल पुसलं, ते आधीपेक्षा ओलं झालं. न मागता चहा आला. दहा मिनिटं गेली. सहदेव पुन्हा उठून गल्ल्यापाशी गेला.

"ऑर्डर कुठाय?"

"कुठली?"

"आत्ता सांगितली ना. एकशेवीस वडे."

"मालकांना विचारा."

"मालक कुठायत?"

"येतील."

"कधी?"

"आले की."

सहदेवसारखं बोलणारं शॉपमध्ये दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे त्याला या प्रकारच्या उत्तराची सवय नव्हती. तो तिथेच उभा राहिला. आणि उभा राहिला म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. त्याचं लक्ष माणिकच्या कामाकडे गेलं.

माणिक एका बाईंना आठ लाडू बांधून देत होता. कागद फाडला, तो वाकडा फाटला. दुसरा फाडला. लाडू ठेवले, एक घरंगळला. दोऱ्याचा रीळ खाली पडला आणि बाकाखाली गेला. माणिकने तो पायाने ओढून घेतला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. सहदेवचं घड्याळ कधीच बाहेर आलं होतं.

"सहा मिनिटं," तो म्हणाला. "आठ लाडवांना. कात्री नाही?"

"पूजेत आहे."

इथे तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. कात्री पूजेत, दाराशी पाटी, आतून तेलाचा वास नाही, कढईचा आवाज नाही. लोखंडाला कान लावून आतली चीर ओळखणारा हा माणूस. पण त्याचं सगळं ध्यान दोऱ्याच्या गाठीवर. "सरक," तो माणिकला म्हणाला. "मी दाखवतो."

माणिक सरकला. एवढं एक काम त्याने चटकन केलं.

सहदेवने कागदाला पत्र्यासारखी घडी घातली, कोपरे दुमडले, दोरा बोटाभोवती घेऊन झटक्यात तोडला. दीड मिनिट. पुढच्या गिऱ्हाइकाला मुठीने मोजून चिवडा, एक मिनिट. तिसऱ्याला शंकरपाळे. लोक खूश झाले. एका म्हाताऱ्याने तर बरं झालं हॉटेलाने नवा माणूस ठेवला, असंही बोलून दाखवलं. सहदेवने सात पुडे बांधले. आठव्याला वर पाहिलं तेव्हा माणिक त्याच्याच टेबलावर बसून त्याचा थंड झालेला चहा पीत होता.

एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

तेवढ्यात आतून गुणाजी आला. ओलं धोतर, कपाळाला गंध, हातात निरांजन. गल्ल्यामागे सहदेवला बघून त्याला काही विशेष वाटलं नाही. त्याने आधी आरती पुढे केली. सहदेवने घाईघाईने हात फिरवला आणि वडे मागितले.

"कढई पूजेक बसली हा," गुणाजी म्हणाला.

त्याने पडदा बाजूला केला. आत पाटावर मोठी कढई, तिला झेंडूचा हार. बाजूला झारे, विळ्या, खोवणी, किसणी, पाटा-वरवंटा, तराजू, मापं, कात्री. सगळ्यांना हळद-कुंकू. तळणाची चूल सारवून कोरडी. सहदेवने आयुष्यात एवढी नीटनेटकी मांडलेली पूजा पाहिली नव्हती. मशीन शॉपमध्येसुद्धा नाही, हे मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

"ऑर्डर लिहून घेतलीस ना?"

"लिवली. पण दसऱ्याची लिवली. पयलो घाणो तुमचो. नवमीक आमच्यात तळण नसता ह्यां मी सांगूक लागलंय, तर तुमी म्हटलात दिवस सांगू नको. मी परत सांगलंय, तर तुमी सायकल मारलात."

"उद्या कारखाना बंद असतो."

"तां माका कसां कळतला? तुमी काय सांगलात नाय."

सहदेवने मग नको ते केलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, की कढई काय, एक तासाचं काम, देवाला हात जोडून उतरवायची आणि पुन्हा ठेवायची, कुणाला कळणार आहे. हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्याला स्क्रूड्रायव्हरवाला आठवला. अर्धा तास उभा होता बिचारा.

गुणाजी चिडला नाही. त्याने शांतपणे विचारलं, कारखान्यात मशीनं चालू आहेत का. सहदेव नाही म्हणाला. हत्यारं पूजेत ठेवली का. सगळी ठेवली, असं सहदेवने सांगितलं.

"मगे ह्यां खिशातलां काय?"

"ते घड्याळ आहे."

"तुमचां हत्यार तांच ना? तुमचीच माणसां सांगतत, हय चाय पितत तेव्हा."

माणिक चहाचा कप तोंडाला लावून बसला होता. कपाआड तो हसला की काय ते दिसलं नाही. सहदेवने घड्याळ काढलं आणि पाटावर कढईशेजारी ठेवलं. गुणाजीने त्यालाही कुंकू लावलं, एक फूल वाहिलं आणि पडदा सोडला.

सहदेवला आता किती वाजले तेही कळेना. शॉपमध्ये साठ माणसं उपाशी, आणि धोंडू दाराकडे नजर लावून. रिकाम्या डब्यांनी परत गेलं की संपलं. पुन्हा कुणाच्याही मागे उभं राहायला तोंड उरणार नव्हतं, आणि ते नसेल तर दिवसभर कारखान्यात करायचं काय हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"हत्याराशिवाय काय होतं तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

गुणाजीने विचार केला. "हातान दडपे पोहे होतत. पण हात तुमचे. आमची आज सुट्टी."

मग मागच्या ओट्यावर सहदेव बसला आणि गुणाजी समोर खुर्ची टाकून बसला. मापं पूजेत, म्हणून पातळ पोहे ओंजळीने मोजायचे. माणशी दोन. सहदेवने प्रत्येक ओंजळ सपाट करून टाकायला सुरुवात केली. पंधराव्या ओंजळीला गुणाजी म्हणाला, "मेस्त्री, पोहे हत ते. घासून गुळगुळीत करू नकात." विळी पूजेत, म्हणून कांदे दगडावर ठेवून बुक्कीने फोडायचे. पहिला कांदा त्याने असा ठोकला की अर्धा पलीकडच्या भिंतीवर गेला. दुसरा फुटेना. गुणाजीने विचारलं, फोडताय की कुरवाळताय. मिरच्या बोटांनी तोडायच्या. त्या तोडल्या, आणि कांद्याचं पाणी पुसायला तोच हात डोळ्याला लावला. त्यानंतर बराच वेळ काम दिसण्यावर नव्हतं, चाचपण्यावर होतं. नारळ पायरीवर फोडून पाणी पोह्यांवर शिंपडलं, खोबरं दाताने खरवडणार काय म्हणून तसंच बाजूला ठेवलं. कोथिंबीर खुडली, भाजलेले दाणे तळहातांवर चोळले, बाटलीतलं कोकमाचं आगळ, मीठ, साखर.

"चातुर्मास किती जण पाळतत?" गुणाजीने मध्येच विचारलं. "कांदो न खाणारे?"

सहदेवला सांगता येईना. साठ जणांत कोण किती मिनिटांत बोल्ट काढतो हे त्याला तोंडपाठ होतं. कोण कांदा खात नाही, हे माहीत नव्हतं. गुणाजीने मान हलवली आणि दहा जणांचे पोहे बिनकांद्याचे वेगळे केळीच्या पानात बांधायला लावले.

"किती वाजले असतील?" सहदेवने दोनदा विचारलं.

"घड्याळाक आज हात नाय," गुणाजी म्हणाला.

डबे भरले. सहदेवने बांबू खांद्यावर घेतला. एक डबा जड, एक हलका. दोन्हीकडे सारखं वजन कसं टाकावं हे त्याने शॉपमध्ये शंभर जणांना शिकवलं असेल. सव्वा मैल तो एका बाजूला कलून चालला.

शॉपमध्ये पोचला तेव्हा पावणेतीन झाले होते. ते भिंतीवरच्या घड्याळाने सांगितलं. पूजा आटोपून माणसं मशीनांच्या मधल्या वाटेत ओळीने बसली होती. धोंडूने झाकण उघडलं, आत पाहिलं, मग सहदेवकडे पाहिलं. डोळे लाल, मुठीची सालं निघालेली, शर्टावर कोथिंबीर.

"वडे झाले नाहीत," सहदेव म्हणाला. म्हणाला असं, की जणू वड्यांनीच शब्द मोडला.

त्याचा चेहरा बघून कुणाची पुढे विचारायची छाती झाली नाही. पानं मांडली, पोहे वाढले. कांदा न खाणारे सात निघाले, त्यांना त्यांचं पान मिळालं, आणि मेस्त्रीला हे कसं माहीत म्हणून ते चकित झाले. भुकेला सगळं गोड लागतं, पोहे संपले. एक वडा कमी आला तर, असं सहदेवने म्हटलं होतं. एकशेवीस कमी आले तर काय, हे ठरलेलं नव्हतं. त्या फटीतून तो संध्याकाळी घरी निसटला, जानकीला पूजा छान झाली एवढंच सांगितलं आणि हाताला तूप लावून झोपला.

दसऱ्याच्या सकाळी साडेआठला दार वाजलं. दारात माणिक. गल्ल्यावरून कधी न हलणारा माणिक सव्वा मैल हातगाडी ओढत आला होता. गाडीवर दोन टोपल्या, वर केळीची पानं, पानांतून वाफ.

"पयला घाणा," माणिक म्हणाला. "मालक म्हणाले, लिहिलेली ऑर्डर आहे." त्याने खिशातून कुंकू लागलेलं घड्याळ काढून दिलं आणि गेला.

जानकीने पान उचललं. एकशेवीस वडे. घरात माणसं दोन.

"हे काय?" तिने विचारलं.

सहदेवने सांगायला सुरुवात केली. पाटीपर्यंत आला तेव्हाच ती खाली बसली आणि हसायला लागली. लाडवांच्या पुड्यांपाशी तिने पदर तोंडाला लावला. मग उठून म्हणाली, "अन्न आहे. साठ घरांचं आहे. घेऊन जा. नाहीतरी सोनं द्यायला जायचंच आहे."

शॉपची सगळी माणसं कारखान्याच्या वसाहतीतल्या चाळींतच राहत. सहदेव आपट्याची पानं आणि वड्यांच्या टोपल्या घेऊन निघाला. पहिलं दार धोंडूचं. दुसरं कुणाचंही चाललं असतं, पण जिना चढल्यावर पहिलं तेच येई.

धोंडूने सोनं घेतलं, वाकून नमस्कार केला, वडे पाहिले.

"कालचे राहिले होते," सहदेव म्हणाला.

"कालचे? गरम आहेत की."

सहदेवने इकडेतिकडे पाहिलं. धोंडूची बायको कुंदा, शेजारच्या मालनबाई, सगळ्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ऑर्डर मी चुकीच्या दिवशी दिली," तो म्हणाला. "गुणाजी सांगत होता. मी ऐकलं नाही."

धोंडूने पाट मांडला. "बसा मेस्त्री. नीट सांगा."

सहदेवने सांगितलं. थोडक्यात. कढई, दसरा, पोहे. धोंडू हसला नाही, वडा खात ऐकत राहिला. मालनबाई मात्र हसल्या, आणि जिन्याने वर जाऊन त्यांनी सहदेव मेस्त्री गोष्ट सांगत येतायत असं सांगून ठेवलं. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर लोक आधीच दारात उभे.

पहिली पाच घरं त्याला जड गेली. सहाव्या घरी त्याने पाटीचा भाग घातला, तो आधी गाळला होता. दहाव्या घरी कात्रीचा. विसाव्या घरी घड्याळाचा भाग सांगताना त्याने घड्याळ काढून दाखवलंसुद्धा, आणि स्क्रूड्रायव्हरवाल्याच्या घरी तर कढई उतरव म्हणालो होतो, हेही सांगून टाकलं. त्या माणसाने सहदेवला पाणी आणून दिलं. हिशेब माणशी दोन वड्यांचा होता, पण दारात पोरं उभी असत, पाहुणे असत. कुणाला नाही म्हणणार? बेचाळिसाव्या घरी टोपल्या रिकाम्या झाल्या.

अजून अठरा घरं होती.

तो जिन्यावर टोपल्या घेऊन उभा राहिला. समोरच्या चाळीच्या गॅलरीत माणसं वाट बघत होती. कुणीतरी वरून विचारलं, मेस्त्री, आमच्याकडे कधी. वडे संपले, असं त्याने खालून सांगितलं.

"वडे राहू देत," वरून उत्तर आलं. "तुम्ही या."

सहदेवने टोपल्या जिन्याखाली ठेवल्या आणि वर चढला. साठाव्या घरून तो बाहेर पडला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. किती मिनिटं लागली ते त्याने पाहिलं नाही.